मदत हवी आहे: स्पिटफायरवरील काळे-पांढरे पट्टे

मी १:७२ प्रमाणातील स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाची प्रतिकृती तयार करत असून, जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या स्वारीसाठी दोस्तराष्ट्रांच्या विमानांवर रंगवलेले काळे-पांढरे पट्टे मला तिच्यावर एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) उमटवायचे आहेत. एकइंजिनी विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद असे, म्हणजे या प्रमाणात सुमारे ६.३५ मिलिमीटर. आधी पांढरा रंग देऊन, मास्किंग टेपच्या (रंग नको तो भाग झाकणाऱ्या चिकटपट्टीच्या) कडेवर पुन्हा पांढऱ्याचाच पातळ थर मारून मग काळा द्यावा, ही पद्धत मला पटते. परंतु पंखाच्या मुळाजवळील गोलाईवर टेप नीट बसत नाही. तेथे टेपच्या अगदी अरुंद पट्ट्या लावाव्यात की मास्किंग द्रव (वाळल्यावर सोलून काढता येणारा झाकणारा थर) वापरावा? शिवाय मूळ पट्टे अनेकदा घाईने, साध्या ब्रशने रंगवलेले असल्याने कडा किंचित असमान ठेवणेच मला अधिक प्रामाणिक वाटते. या प्रमाणात ते कसे साधावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.