स्की-रिसॉर्ट निवडताना आधी उंची बघा, बाकी सगळं नंतर

पहाटपक्षी:
येत्या हिवाळ्यात स्कीला कुठे जायचं यावर आमच्या सहा जणांत तीन आठवडे खल चाललाय. कोणाला फोटोतल्यासारखं लाकडी घरांचं गाव हवंय, कोणाला हॉटेलात पोहायचा तलाव. मी फक्त एकच विचारतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो: गाव किती मीटरवर आहे?

कारण सरळ आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ऑस्ट्रियातलं किट्झब्युहेल ७६० मीटरवर आणि फ्रान्समधलं वाल तोराँस २३०० मीटरवर. खालच्याला पाऊस झोडपत असतो तेव्हा वरच्याला बर्फ पडत असतो. कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफा आहेत म्हणाल, तर त्यांनाही थंडी लागतेच. दमट हवेत पारा उणे दोन-तीनच्या खाली गेल्याशिवाय त्यांचं काही चालत नाही.

चार वर्षांपूर्वी नाताळात एका सखल, अतिशय देखण्या गावात गेलो होतो. हिरव्या कुरणातून पांढरी पट्टी ओढल्यासारखा एकच उतार, दोन्ही बाजूंना चिखल. सहा दिवसांतले दोन दिवस स्की केलं, तेही दगड चुकवत. तेव्हापासून १८०० मीटरखालचं गाव माझ्या यादीतून बाद. बोला.

संथवळण:
बोलतो. जपानमधलं निसेको घ्या. अख्ख्या डोंगराचं शिखरच १३०८ मीटरवर, म्हणजे तुमच्या नियमाने शिखरसुद्धा बाद! आणि तिथल्या ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, म्हणजे पावडरसाठी, लोक अर्धं जग ओलांडून जातात. सैबेरियाची कोरडी थंड हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि होक्काइडोच्या डोंगरांवर रिती करते. बर्फ उंचीमुळे पडत नाही हो, वारा आणि ओलावा जुळून यावा लागतो. उंची हा त्यातला एक भाग.

पहाटपक्षी:
निसेको मान्य, पण तो अपवाद आहे. मी आल्प्सबद्दल बोलतोय.

संथवळण:
शीर्षकात आल्प्स कुठे लिहिलंय? :)

काळाचष्मा:
आल्प्सबद्दलच बोलू मग. उंचावरच्या रिसॉर्टचं एक दुखणं जाहिरातीत कधीच येत नाही. आल्प्समध्ये साधारण २००० मीटरच्या वर झाडंच नाहीत. ढग खाली आले की जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही. मी एकदा उभा आहे असं समजून चक्क सरकत होतो, शेजारचा खांब मागे जायला लागला तेव्हा लक्षात आलं. तोल गेला तो गेलाच.

शिवाय वारा. वारा सुटला की सगळ्यात आधी वरच्या लिफ्ट, म्हणजे डोंगरावर नेणारे दोरावरचे पाळणे, बंद होतात. त्या आठवड्यात आम्ही दोन दिवस खोलीत पत्ते कुटत बसलो, आणि हजारभर मीटर खालच्या गावात लोक सूचिपर्णी झाडांच्या रांगांमधून निवांत स्की करत होते. झाडांमुळे वारा अडतो आणि पिस्टची, म्हणजे आखलेल्या उताराची, कड दिसते. बर्फ भरपूर पण दिसत काही नाही, याचा उपयोग काय?

आणि २३०० मीटरवर पहिल्या दोन रात्री झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. सगळ्यांचं नाही, पण माझं होतं.

बर्फातलीबाहुली:
तुम्ही सगळे जाणकार दिसताय. मी दोनच हिवाळे जुनी आहे, त्यामुळे माझं मत वेगळं. पहिल्या वेळी आमच्यातल्या पट्टीच्या लोकांनी जागा निवडली. बर्फ उत्तम, उंची उत्तम. पण नवशिक्यांसाठी एक आखूड सरकता पट्टा आणि त्यानंतर थेट ‘निळा’ उतार, जो दुसऱ्या ठिकाणी नक्की लाल ठरला असता. रंग म्हणजे काही जागतिक प्रमाण नव्हे, हे मला तिथे बसकण मारल्यावर समजलं. रिसॉर्ट आपापल्या डोंगराच्या मानाने रंग देतात. युरोपातला निळा म्हणजे सोपा, लाल त्याहून अवघड, अमेरिकेत निळा चौकोन म्हणजे मधल्या दर्जाचा आणि हिरवं वर्तुळ सोपं.

दुसऱ्या वर्षी मी आधी तीन गोष्टी विचारल्या. शिकायचा उतार गावाजवळ आहे की गोंडोलाने, म्हणजे दोरावरच्या बंद डब्याने, वर जावं लागतं? त्यानंतरचा लांब, सोपा उतार आहे का? आणि संध्याकाळी दमल्यावर लिफ्टने खाली येता येतं का, की खाली उतरायला लाल पिस्टच आहे? उंची विचारलीच नाही. आठवडा मस्त गेला.

तोलूनमापून:
याला जोडून, आमच्याकडे एकूण इतक्या किलोमीटरच्या पिस्ट आहेत असं रिसॉर्ट सांगतात, त्या आकड्यांनाही भुलू नका. ख्रिस्तोफ श्राहे नावाच्या जर्मन सल्लागाराने २०१३ च्या सुमारास पिस्ट प्रत्यक्ष मोजल्या. स्वित्झर्लंडमध्ये व्हर्बिये ज्यात येतं त्या चार खोऱ्यांच्या विभागाचा दावा ४१२ किलोमीटरचा होता, मोजून भरले १६४. काही जण उताराची सरळ लांबी न धरता स्की करणारा किती वळणं घेईल ते धरून आकडा फुगवायचे. काय डोकं!

तसंही सहाशे किलोमीटरचा पास घेऊन नवशिक्या माणूस त्याच तीन लिफ्टवर फिरतो. पट्टीच्यांनी घ्यावा.

गुडघेदुखी:
माझ्यासारख्यांचा विचार कोणी करणार आहे का? मी स्की करत नाही, डॉक्टरांनी हात जोडलेत. पण बायको आणि मुलगा करतात, म्हणून मी दरवर्षी जातो. वाल तोराँससारख्या, स्कीसाठीच वसवलेल्या ठिकाणी मी सकाळी दहानंतर करू काय? खिडकीतून लिफ्ट मोजू?

स्वित्झर्लंडमधल्या झर्मॅटला गेलो तेव्हा माझीही सुट्टी झाली. गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे चालायला मजा. गोरनरग्राटची दातेरी रेल्वे १८९८ पासून चालू आहे, ३०८९ मीटरवर नेऊन सोडते, समोर मॅटरहॉर्न शिखर. मी तीनदा गेलो, बायको म्हणाली आता पास काढून घ्या.

आणि पहाटपक्षी, झर्मॅट गाव १६०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या यादीतून बाद. त्याच गावातून केबलकारने ३८८३ मीटरवर जाता येतं आणि तिथल्या हिमनदीवर उन्हाळ्यातही स्की चालतं, बरं का.

पहाटपक्षी:
हा मात्र वर्मी बसला. नियम दुरुस्त करतो: गावाची उंची नाही, बहुतेक पिस्ट कोणत्या उंचीवर आहेत ती बघायची. पण सखल गावाला विरोध कायम. वर बर्फ आणि खाली चिखल असला की संध्याकाळी सगळा डोंगर एकाच गोंडोलाने खाली येतो. त्या रांगेत ताठ बूट घालून उभं राहून बघा.

संथवळण:
त्याला तारखा बदला, डोंगर नको. नाताळ टाळा, तेव्हा बर्फाचा भरवसा नाही आणि गर्दीही तुफान. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत पाळीपाळीने येतात, त्यामुळे फेब्रुवारीत महिनाभर गर्दी हटत नाही. जानेवारीच्या मध्यावर जा. थंडी असते, रांगा नसतात. तुमचं ते चिखलाचं गावही कदाचित तेव्हा पांढरंशुभ्र असेल.

काळाचष्मा:
जानेवारीबद्दल +१. इटलीला जाणार असाल तर २०२२ पासून तिथे पिस्टवर उतरायला तिसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे, हे लक्षात ठेवा. आणि पिस्ट सोडून पावडरमध्ये शिरणार असाल तर विमा वेगळा तपासा, पुष्कळ विम्यांत ते धरलेलं नसतं.

बर्फातलीबाहुली:
पहाटपक्षी, एक राहिलंच. तुमच्या सहा जणांत स्की किती जणांना येतं?

पहाटपक्षी:
तिघांना. दोघं पहिल्यांदाच पायात स्की घालणार आहेत आणि एक सासरेबुवा, ते गुडघेदुखींच्याच पक्षाचे.

गुडघेदुखी:
आणि तुम्ही तीन आठवडे मीटर मोजताय!