‘आयटीवाल्यांचे फुकटचे डॉलर’: एकदा इन्व्हॉइस उघडून बघा

मुळाकाठ
गेले काही दिवस एक मजकूर प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: कांदेवाल्याला बंदर लागतं, कंटेनर लागतो, वर निर्यात शुल्क. आयटीवाल्याला कर नाही, कस्टम नाही. तासाला पंचवीस डॉलर घ्यायचे, पोराला चार द्यायचे, उरलेले मालकाच्या खिशात. खाली २२४ अब्ज डॉलर निर्यातीचा आकडा आणि ‘हा पैसा जातो कुठे?’ असा जळजळीत प्रश्न.

आकडा ठीक आहे. २०२४-२५ साठी नॅसकॉमने (आयटी कंपन्यांची संघटना) साधारण तेवढाच दिला होता, सोबत ५८ लाख नोकऱ्या. बाकीचं ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात एक एसओडब्ल्यू (क्लायंटशी झालेला कामाचा करार) वाचलेला नाही.

आधी कर. एसटीपीआयवाल्यांची (सरकारी सॉफ्टवेअर पार्क योजनेतल्या कंपन्यांची) आयकर कलम १०अ ची सवलत ३१ मार्च २०११ ला संपली. एसईझेडची (विशेष आर्थिक क्षेत्र) १०अअ होती: पहिली पाच वर्षं शंभर टक्के, पुढची पाच पन्नास, त्यापुढची पाच नफा परत गुंतवला तर पन्नास. तीही २०२० पर्यंत सुरू झालेल्या युनिटांपुरतीच. आज हिंजवडी फेज तीनला नवं युनिट टाकलंत तर इतर कंपन्यांसारखेच २५.१७ टक्के भरायचे. सवलत गेल्यावर एसईझेडचे मजलेच्या मजले रिकामे पडायला लागले, म्हणून तर डिसेंबर २०२३ मध्ये एकेक मजला एसईझेडमधून बाहेर काढायची मुभा द्यावी लागली.

आता ते पंचवीस डॉलर. महिन्याचे १६० तास, वर्षाचे अकराच महिने धरा, कारण रजा, सुट्या आणि क्लायंटचा डिसेंबरचा शटडाउन यांचं बिल होत नाही. झाले ४४,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ३७.४ लाख. पण दहा माणसांत बिलावर आठच, म्हणजे माणशी तीस लाखांच्या आत आलो. त्यातून व्हॉल्यूम डिस्काउंट, न बिल होणारा डिलिव्हरी मॅनेजर, प्रीसेल्स (काम मिळवायची खटपट), बस, विमा, क्लायंटच्या ऑडिटसाठी वेगळं कुलूपबंद ओडीसी (त्या क्लायंटपुरतं राखीव ऑफिस). पैसे येणार ६० नाहीतर ९० दिवसांनी, पगार महिनाअखेरीला. लिस्टेड मोठ्या कंपन्यांचं ऑपरेटिंग मार्जिन फार तर पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं, दर तिमाहीला छापून येतं. उत्तम धंदा आहे, नाही कोण म्हणतंय? पण पंचवीसातले एकवीस नव्हेत.

निफाडकर
वा. कुलूपबंद ओडीसीचं दुःख वाचून डोळे पाणावले.

ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरात रातोरात बंदी. मे २०२४ ला उघडली ती किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क घेऊनच. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. न्हावाशेव्याला गेटवर उभ्या कंटेनरमधला माल तिथेच सडतो, तुमचा कोड सडतो का? बांगलादेश-श्रीलंकेचा खरेदीदार तेवढ्यात पाकिस्तानचा कांदा उचलतो आणि मग परत येत नाही. सॉफ्टवेअरवर एक दिवस तरी निर्यातबंदी आली का हो? मूळ मजकुराचा मुद्दा हा आहे. टक्केवारी नव्हे.

मुळाकाठ
भाऊ, कांद्यावर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण तो अन्याय माझ्या मार्जिनमधून वजा करून भरून निघत नाही. आणि दार बंद करणारा दिल्लीतच बसलेला असतो असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी (तिथला कामाचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर फी लावली, तीही अशीच रातोरात. मुळात कोटा ६५ हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांचे २० हजार, त्यात ही भर.

चौथा_मजला
दोघेही सोयीचं बोलताय. मुळाकाठ साहेब, इतका बारीक हिशोब मांडलात, त्यात पोराचा पगार किती धरलात ते कुठेच दिसत नाही. मी लिहितो. कॅम्पसचं पॅकेज वर्षाला तीन ते साडेतीन लाख. पंधरा वर्षांपूर्वीही तीनच्या आसपास होतं. वाकडला रूमचं भाडं तेवढंच राहिलंय का?

आणि हे चुकून झालेलं नाही. सगळं पिरॅमिडवर चालतं: वर थोडे महागडे, खाली बरेच स्वस्त. फिक्स्ड-प्राइस (ठोक रकमेच्या) कामाच्या अंदाजपत्रकात सरासरी खर्च बसवायचा तर खाली फ्रेशरांचा थर जाड ठेवावा लागतो. टाइम-मटेरियलमध्ये (तासांवर बिल) रेट कार्ड अनुभवाच्या पट्ट्यांवर असतं, मग दीड वर्षाच्या पोराला ‘तीन वर्षं’ लिहून क्लायंटपुढे बसवतात. मुलाखत वेगळाच देतो, काम वेगळाच करतो. पोरगं कंटाळून निघालं तर ९० दिवसांची नोटीस, कुठे कुठे बाँडही. बहुवर्षीय मॅनेज्ड सर्व्हिसेस (क्लायंटची यंत्रणा सांभाळायच्या) करारात दरवर्षी पाच टक्के ‘प्रॉडक्टिव्हिटी’, म्हणजे तेवढी बिलात घट, क्लायंटला आधीच कबूल केलेली असते. ती येते कुठून? तेच काम एक माणूस कमी करून. उरलेले शनिवारी बसतात.

आता एआय आल्यावर क्लायंट पाचाऐवजी वीस-तीस टक्के मागतोय. पिरॅमिडचा खालचा थरच नको म्हणतोय. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीचे जास्त. खालून भरती आटली, वरून कपात. मग निर्यातीचा आकडा वाढला काय नि न वाढला काय.

मुळाकाठ
फ्रेशरचा पगार: मान्य. त्याचं समर्थन करणारा मी शेवटचा माणूस असेन. पण साडेतीन लाखांच्या पोराला पहिले सहा महिने ट्रेनिंग आणि शॅडो (दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकणं), बिल शून्य, हे वाक्य तुमच्या पोस्टमध्ये का नाही?

चौथा_मजला
कारण शॅडोतल्या पोरानेच रात्रीचा प्रॉडक्शन सपोर्ट केलेला असतो. फक्त टाइमशीटवर नाव दुसऱ्याचं.

बाणेरची_अक्का
मोठ्यांचं मोठ्यांपाशी. दहा-बारा माणसांच्या कंपनीवर कोणी बोलणार आहे का? ‘कर नाही, कस्टम नाही’ म्हणणाऱ्याने खालचं वाचावं.

एलयूटी (कर न भरता निर्यात करायची लेखी हमी) दर आर्थिक वर्षाला नवीन, फॉर्म आरएफडी-११. गेल्या वर्षीची चालत नाही. विसरलात तर अठरा टक्के आयजीएसटीचा प्रश्न उभा. उशिरा दिलेली ग्राह्य धरायची सोय २०१८ च्या परिपत्रकात आहे, पण ते परिपत्रक अधिकाऱ्याला आपणच छापून न्यायचं.

मग रिफंड, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी परत मागणं. जागेच्या भाड्यावर अठरा टक्के, सीएच्या बिलावर अठरा टक्के. परदेशी टूलचं सबस्क्रिप्शन घेतलं तर रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी जीएसटी आपणच भरायचा), आणि तो कॅश लेजरमधूनच, म्हणजे रोखीने भरायचा, क्रेडिट (खरेदीवर आधी भरलेला जीएसटी) वळवून नाही. हे सगळं आरएफडी-०१ अर्जाने परत मागायचं. त्यात तीन ठिकाणी हमखास पाय अडकतो:

इन्व्हॉइस मार्चचं, पैसे मेमध्ये. सेवांच्या निर्यातीत उलाढाल पैसे आल्याच्या तारखेने धरतात, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) मध्ये मात्र मार्चच दिसतो. जुळत नाही म्हणून लगेच शंका. व्हेंडरने रिटर्न भरलं नाही तर २बी (आपल्या क्रेडिटचा पोर्टलवरचा तक्ता) मध्ये दिसत नाही, तेवढं क्रेडिट बाद. आणि लॅपटॉप! भांडवली वस्तूंचं क्रेडिट रिफंडच्या सूत्रात धरतच नाहीत. बारा लॅपटॉप ७० हजारांचे घेतले तर दीड लाखाहून जास्त जीएसटी लेजरमध्ये नुसता दिसत राहतो. देशातलं काम असेल तर वापरता येतो. शंभर टक्के निर्यात असेल तर बघत बसायचं.

त्यात डेफिशियन्सी मेमो (त्रुटीचं पत्र) आला की अर्ज पहिल्यापासून. ६० दिवसांची मुदत कागदावर, ती पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात.

जमाखर्च
अक्कांशी सहमत, एक भर घालतो. क्लायंटचे पैसे पेमेंट ॲपमधून रुपयांत आले असतील तर परकीय चलनात आल्याचा पुरावा स्वतःच्या नावाचा आहे का, ते आधी बघा. ठोक रक्कम ॲपच्या नावाने उतरलेली असली तर रिफंडच्या वेळी ‘हे परकीय चलन कशावरून’ हा प्रश्न ठरलेला. एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती) प्रत्येक व्यवहाराची, इन्व्हॉइस नंबरासकट, त्याच महिन्यात मागून घ्या. वर्षाने मिळवणं अवघड.

बाणेरची_अक्का
आणि बँक! तिच्याबद्दल लिहायचं राहिलंच. १०,००० डॉलरचं इन्व्हॉइस. मधली बँक २५ कापते, हातात ९,९७५. इथली बँक लावते कार्ड रेट, म्हणजे तिचा छापील भाव, डॉलरमागे बाजारभावापेक्षा ८५ पैसे कमी. गेले साडेआठ हजार रुपये. चलन बदलल्याचा जीएसटी साडेआठशेच्या आसपास. सर्टिफिकेटचे वेगळे. कांद्याला शुल्क दिसतं तरी, हे दिसतही नाही.

डीलिंगरूम
कार्ड रेट न विचारणाऱ्यांसाठी असतो. राग नको, पण हे खरं आहे. पैसे नोस्ट्रोत (बँकेच्या परदेशातल्या खात्यात) आले की ग्राहकाला डिस्पोजलची (या पैशांचं काय करायचं, अशी) मेल जाते: पर्पज कोड (पैसे कशाचे, ते सांगणारा) सांगा, इन्व्हॉइस जोडा. बहुतेक जण तिथेच ‘क्रेडिट करा’ म्हणून मोकळे होतात. त्याआधी ट्रेझरीला (बँकेच्या चलन विभागाला) फोन करा, स्क्रीनवरचा भाव विचारा, त्यावर किती पैसे घेणार ते मेलवर घ्या. नियमित ग्राहकाला दहा ते वीस पैशांत होतं. बाजार साडेतीनला बंद, त्यानंतर विचारलंत तर उद्याची जोखीम धरूनच भाव मिळणार. घाई नसेल तर ईईएफसीत (निर्यातदाराचं परकीय चलनातलं खातं) ठेवा. पूर्ण रक्कम ठेवता येते, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत.

बाणेरची_अक्का
दहा हजार डॉलरवाल्याचा फोन ट्रेझरी उचलते? कुठल्या ग्रहावर? ब्रँच म्हणते फॉरेक्स डेस्कला विचारा, डेस्क म्हणतं तुमच्या आरएमला (रिलेशनशिप मॅनेजर), आणि आरएम विमा विकायला गेलेला असतो.

जमाखर्च
एफएक्स-रिटेल वापरा की. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा डॉलर खरेदी-विक्रीचा प्लॅटफॉर्म, २०१९ पासून आहे. भाव समोर दिसतो.

डीलिंगरूम
दिसतो. पण नोंदणी बँकेमार्फतच होते आणि बँक आपलं कमिशन आधीच टाकून ठेवते. ते किती, हे नोंदणीच्या वेळीच ठरवून घ्या. नंतर घासाघीस होत नाही.

बाणेरची_अक्का
म्हणजे फिरून तुमच्याच दारात. छान.

जमाखर्च
त्या २५ डॉलरचं पण ऐका, कारण खरी डोकेदुखी ती आहे. सॉफ्टेक्स (सॉफ्टवेअर निर्यातीचा घोषणा-फॉर्म) १०,००० चा, आवक ९,९७५. ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का, यावर नजर ठेवणारी रिझर्व्ह बँकेची प्रणाली) बिल २५ डॉलरने उघडं राहतं. अशी चाळीस बिलं साठली की बँकेच्या मेल सुरू होतात. पैसे आणायची नऊ महिन्यांची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधरा केली, पण २५ डॉलर पंधरा महिन्यांनीही येणार नाहीत. दर तिमाहीला परदेशी बँक चार्जेसची यादी करून बिलं बंद करायचं पत्र द्या. क्लायंटला चार्जेस ‘ओयूआर’ (सगळे पाठवणाऱ्याच्या माथी) टाकायला सांगा. तरी अमेरिकेतली एखादी बँक कापतेच.

डीलिंगरूम
निम्मे लोक सॉफ्टेक्स भरतच नाहीत. पर्पज कोड पी०८०२ टाकतात, कन्सल्टन्सी म्हणून, की सुटले. ते करताय का तुमचे क्लायंट?

जमाखर्च
आरोप करायचा तर नीट करा. पी०८०२ हा सॉफ्टेक्समध्ये न येणाऱ्या कन्सल्टन्सीसाठीच आहे. इथे कोड लिहून डेटालाइनवरून पाठवला तर पी०८०७ आणि सॉफ्टेक्स, एसटीपी युनिट नसलं तरी एसटीपीआयकडेच. घोळ कुणी घातला? तुमच्याच ब्रँचने, ‘मागच्या वेळचाच टाकू का’ विचारून. इन्व्हॉइसवर ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट’ आणि एफआयआरएवर ‘कन्सल्टन्सी’, मग रिफंडला तेच कागद समोरासमोर येतात तेव्हा ब्रँच हात वर करते.

डीलिंगरूम
ब्रँचला दोष देणं सोपं आहे. घोषणापत्रावर सही ग्राहकाची असते.

जमाखर्च
कोरी घेतलेली.

निफाडकर
मूळ मजकूर कांद्याचा होता हे कुणाला आठवतंय का? चाळीस पोस्टी बँकेच्या पैशांवर.

मुळाकाठ
पंधरासुद्धा झाल्या नाहीत अजून. आणि ‘कस्टम नाही, कागद नाही’ याचंच उत्तर चाललंय ते.

निफाडकर
बरं, घ्या. आयटीवाल्यालाही कागद लागतात, हे आज कळलं, निफाड तालुक्यातर्फे अभिनंदन. पण एक सांगा. डॉलर ८५ चा ९० झाला की तुम्हाला बसल्या जागी फायदा. आम्हाला खत आणि डिझेल महाग.

मुळाकाठ
फायदा होतो, नाकारत नाही. मोठ्या कंपनीला रुपया एक टक्का घसरला की मार्जिन साधारण पाव टक्का सुधारतं. पण क्लायंटच्या प्रोक्युरमेंटलाही (खरेदी विभागाला) एक्सचेंज रेट वाचता येतो. रिन्युअलच्या टेबलावर पहिलं वाक्य तेच असतं, ‘तुमचा खर्च उतरलाय, रेट उतरवा’. वर्ष-दीड वर्षात बराचसा परत जातो. शिवाय मोठ्यांनी पुढच्या काही तिमाहींचे डॉलर आधीच फॉरवर्डने (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून) विकलेले असतात, त्यांना ९० दिसतो, मिळतो मधलाच काहीतरी.

चौथा_मजला
आणि पोराला ना ८५ मिळतो ना ९०. त्याचं पॅकेज रुपयांत ठरलेलं.

मुळाकाठ
हो. इथे माझ्याकडे उत्तर नाही. लिहा मोठ्या अक्षरांत.

निफाडकर
दोन आयटीवाले एकमेकांना हो म्हणाले, बाजार समितीला सुट्टी द्या.

बाणेरची_अक्का
डीलिंगरूम, भांडण बाजूला ठेवा. डिस्पोजलची मेल आल्यावर किती वेळ असतो? उत्तर दिलं नाही तर तुम्ही आपणहून कार्ड रेटने बदलता का?

डीलिंगरूम
बँकेबँकेवर आहे. खातं उघडताना कायमची सूचना दिली असेल तर त्याच दिवशी बदलतात, विचारत नाहीत. तीच आधी लेखी रद्द करा. पत्रात दोनच ओळी पुरेत: विचारल्याशिवाय रूपांतर करू नये, आणि पुढचं सांगेपर्यंत आवक ईईएफसीत जमा करावी. पोच घ्या, शिक्क्यासकट.