अनुभव धागा : लॅपटॉपला बाहेरचा माइक जोडताना तुमच्याकडे काय काय झालं?

सोलापुरात आता शिकवणी, सुनावणी, गाण्याचा क्लास, भजनी मंडळाचं लाइव्ह, सगळंच लॅपटॉपसमोर बसून चालतं आणि समोरून एकच ओरड येते : "सर, आवाज येत नाहीये." म्हणून हा धागा. ज्यांनी वेगळा माइक लावून पाहिलाय त्यांनी लिहा. लॅपटॉप कुठल्या कंपनीचा यापेक्षा त्याला माइकसाठी जागा कुठली आहे, माइकची पिन कशी आहे आणि शेवटी नेमकं काय केल्यावर आवाज आला, हे सांगितलंत तर दुसऱ्याच्या कामाला येईल. "यूएसबी घ्या, कटकट मिटवा" एवढं लिहून पळू नका. यूएसबीवाल्यांच्याही कटकटी असतात, त्याही हव्यात.

माझं मत आधीच मांडतो, मग तुम्ही खोडा. माइक खराब निघाला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा माइक ठणठणीत असतो, लॅपटॉप दुसऱ्याच माइकचं ऐकत असतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं गेलं की खाली इनपुटची यादी दिसते. तिथे निळी पट्टी हलते का बघा. हलली म्हणून खूश होऊ नका. लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर, म्हणजे बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनच्या वर कॅमेऱ्याशेजारच्या बारीक छिद्रांवर, नखाने टकटक करा. पट्टी त्या टकटकीला उडाली तर तुमचा बाहेरचा माइक नुसता शोभेला आहे.

आता तुम्ही बोला.

जुळे सोलापूर, दहावीचं गणित शिकवते

माझा कॉलर माइक मोबाइलवर नाही, कॅमेऱ्यावर चालणारा होता. लॅपटॉपला लावला की लॅपटॉप म्हणायचा हेडफोन लागला, आणि माइक मात्र आतलाच चालू. कारण पिनमध्ये आहे. पिन हातात घेऊन काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर पिनचे तीन भाग होतात, ती टीआरएस. तीन रेघा असतील तर चार भाग, ती टीआरआरएस. हल्लीच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच ३.५ मिमीचं भोक असतं आणि ते माइक शोधतं चौथ्या भागावर. दोन रेघांच्या पिनला चौथा भागच नाही, मग बिचारा लॅपटॉप काय शोधणार?

यावर उपाय म्हणजे स्प्लिटर. पण दुकानात नुसतं "स्प्लिटर द्या" म्हणू नका. मला एका दुकानदाराने खात्रीने दिलेला उलटा निघाला. दोन प्रकार अगदी जुळे दिसतात. एकाला एक पिन आणि दोन भोकं असतात, एका भोकावर हेडफोनचं चित्र, दुसऱ्यावर माइकचं. लॅपटॉपसाठी हा. दुसऱ्याला दोन पिना आणि एक भोक असतं. तो मोबाइलचा हेडफोन जुन्या कॉम्प्युटरच्या हिरव्या-गुलाबी भोकांना लावायचा असतो. तिसराही एक मिळतो, दोन्ही भोकांवर हेडफोनचंच चित्र असलेला. तो दोघांनी मिळून गाणी ऐकण्यासाठी, माइकशी त्याचा संबंध नाही. दुकानातच पिनेच्या रेघा मोजून घेतल्या की परत नवी पेठ गाठावी लागत नाही.

बोया कंपनीचा बीवाय-एम १ हा कॉलर माइक घेणाऱ्यांसाठी : त्याची पिन तीन रेघांचीच आहे, लॅपटॉपच्या एकाच भोकात थेट चालते. वायरीवर छोटी डबी आहे, तिच्यावरचं बटण स्मार्टफोनकडे ठेवायचं. कॅमेऱ्याकडे ढकललं तर आत एलआर ४४ चा बटण-सेल लागतो. वायर ६ मीटरची आहे, फळ्यापर्यंत आरामात पुरते.

नवी पेठ, दुरुस्तीचं काम

वरच्या ताईंनी बरोबर लिहिलंय. माझ्याकडून दोन गोष्टी. पिन लावली की काही लॅपटॉपमध्ये कोपऱ्यात खिडकी उघडते, "काय जोडलंत" म्हणून विचारते. लोक घाईत हेडफोनवर टिचकी मारतात नाहीतर खिडकी बंद करतात. हेडसेट किंवा माइक निवडायचं. एकदा चुकीचं निवडलं की पुढच्या वेळी ती विचारतही नाही. मग रिअलटेकचं ऑडिओ ॲप उघडून तिथून बदलावं लागतं.

दुसरं, पिन पूर्ण आत जात नसेल तर भोकात कचरा असतो. बॅगेतला कापसाचा दोरा, चादरीची लव, काहीही. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई घालू नका ओ मालक, आतली पत्ती वाकते आणि मग माझं बिल होतं.

सात रस्ता, सेकंड इयर

यूएसबी माइक लावला, माइक लै भारी चालला, पण स्पीकरचा आवाजच गेला की. मित्र म्हणतोय "बोल बे", मला काहीच ऐकू येईना. ड्रायव्हर टाक, रिस्टार्ट कर, सगळं झालं. भानगड अशी की त्या माइकला खाली हेडफोनची जागा आहे, म्हणून विंडोज त्यालाच स्पीकर समजून सगळा आवाज तिकडं ढकलतंय. साउंडमध्ये आउटपुटला परत लॅपटॉपचे स्पीकर निवडले, संपलं.

आणखी एक. उभ्या कंडेन्सर माइकमध्ये (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माइक) बरेच जण वरून टोकात बोलतात, आइस्क्रीमचा कोन धरल्यासारखं. बऱ्याच मॉडेलमध्ये आवाज बाजूने घेतात, जिकडं कंपनीचं नाव असतंय तिकडून. फरक लगेच कळतो.

अक्कलकोट रोड, लहान मुलांसाठी तेलुगू आणि मराठीत गोष्टी रेकॉर्ड करते

आमच्या पूर्व भागात शांतता मागणं म्हणजे भलतंच. शेजारी यंत्रमाग, पलीकडच्या गल्लीतही माग. इथल्या माणसाला ती खटखट कानात शिरतच नाही, सवय आहे. माइकला सवय नसते. रेकॉर्डिंग ऐकलं की आधी माग, मग मी.

पहिल्यांदा कंडेन्सर यूएसबी माइक होता. आवाज गोड यायचा, पण खोलीतलं सगळंच गोड वाटून घ्यायचा : माग, पंखा, खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर. नंतर डायनॅमिक यूएसबी माइक घेतला. तो जवळचंच ऐकतो, त्यामुळे तोंड माइकपासून चार बोटांवर ठेवावं लागतं, पण मग गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, कमी ठेवता येतो आणि गेन कमी म्हणजे माग दूर. माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल तर त्याची पाठ ज्या दिशेला त्या दिशेचं त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून मी भिंतीकडे नाही, मागांकडे पाठ येईल असा माइक वळवते आणि माझी खुर्ची त्याच्यासमोर.

एवढं करूनही एक धप्‌ धप्‌ राहिलं. ते हवेतून येत नव्हतं, फरशीतून टेबलात आणि टेबलातून स्टँडमध्ये चढत होतं. स्टँडखाली टर्किश टॉवेलची जाड घडी ठेवली, निम्मं गेलं. उरलेलं ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हाय-पास फिल्टर (खालचे, जाड आवाज कापणारी चाळणी) ८० हर्ट्झला लावून काढते. माझा आवाज त्याच्या बराच वर असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. त्यातलंच नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारी सोय) पंख्याच्या एकसारख्या घरघरीवर छान चालतं, आधी नुसत्या घरघरीचा एखादा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल द्यायचं. मागाच्या ठोक्यांवर मात्र ते चालत नाही. ठोका दर वेळी नवीन असतो, जोर लावला तर माझेच शब्द कुरतडले जातात.

खोली घुमते त्यासाठी फोम आणायचा म्हणाल तर सोलापुरात राहून फोमवर पैसे कशाला? खुर्चीच्या मागे आणि समोरच्या कपाटावर चादरी टांगल्यात, दुहेरी करून. चादर घुमणं कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही, हे लक्षात ठेवा. बाहेरचा आवाज जाड भिंत आणि बंद खिडकीच अडवते, आणि मे महिन्यात खिडकी बंद करून दाखवा कुणी.

मराठी बोलणाऱ्यांना आणखी एक त्रास : भ, फ, ध, ख. "भोपळा" म्हटलं की माइकवर फट्‌कन हवा आदळते. पॉप फिल्टर (माइकपुढे लावायची जाळी) नसेल तर तोंड माइकच्या सरळ समोर न ठेवता थोडं तिरकं ठेवा. हवा बाजूने निघून जाते, आवाज पोचतो.

*(ताई, टॉवेलच्या घडीबद्दल खास धन्यवाद. ठोका हवेतून येतोय की टेबलातून, हे ओळखायला स्टँड हातात उचलून बोलून बघायचं. हातात धरल्यावर धपधप थांबली तर टेबलच दोषी. – धागाकर्ता)*

विजापूर रोड, शास्त्रीय गायनाचे वर्ग

माइक चांगला, लॅपटॉप चांगला, तरी परगावच्या विद्यार्थ्यांना तानपुरा ऐकू जात नव्हता. स्वर लांबवला की मध्येच विरायचा. झूम एकसुरी, सलग चालणारा आवाज गोंगाट समजून कापतं आणि तानपुऱ्याचा तर धर्मच सलग वाजण्याचा. झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" आहे, ते निवडायचं. तेवढ्याने भागत नाही. मीटिंग सुरू झाल्यावर वर कोपऱ्यात त्याचं बटण दिसतं, तेही चालू आहे का पाहायचं. त्यातलं एको कॅन्सलेशन बंद केलंत तर हेडफोन घालावाच लागतो, नाहीतर विद्यार्थ्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून तुमच्याच माइकमध्ये शिरून त्याला परत जातो. विद्यार्थ्यांनाही मी हेच करायला लावते. ते कुरकुर करतात, पण खर्ज ऐकायचा तर दुसरा मार्ग नाही.

होटगी रोड, वकिली

ऑनलाइन सुनावणीला ब्लूटूथचे इअरबड्स वापरत होतो. त्याचा माइक चालू झाला की मलाच समोरच्यांचा आवाज चपटा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. याचं कारण कळल्यावर राग गेला : ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याची पद्धत वेगळी आणि फोनवर बोलण्याची वेगळी. माइक लागला की लॅपटॉप दुसऱ्या पद्धतीवर उतरतो आणि दर्जा पडतो. आता इनपुटला वायरीचा माइक निवडतो, आउटपुटला इअरबड्स. दोन्हीकडून स्पष्ट. सुनावणीच्या आधी म्यूटचं बटण तीन ठिकाणी बघावं लागतं : ॲपमध्ये, माइकच्या अंगावर आणि काही लॅपटॉपांत कीबोर्डच्या वरच्या ओळीत, जिथे माइकवर काट मारलेलं चित्र असतं.

बाळे, भजनी मंडळ

आमच्याकडे मंडळाचा डायनॅमिक माइक होता, एक्सएलआर वायरीचा, म्हणजे तीन पिनांच्या गोल जाड प्लगचा. बाजारात एक्सएलआर ते ३.५ मिमी वायर मिळते, ती लावली. आवाज आला पण विहिरीच्या तळातून. लॅपटॉपमधला माइकचा बूस्ट (आवाज वाढवणारी सेटिंग) ३० डेसिबलपर्यंत चढवला तर भजनापेक्षा सूं सूं मोठी. डायनॅमिक माइकचा विजेचा सिग्नलच बारीक असतो, तो वाढवायला नीट प्रीॲम्प लागतो आणि लॅपटॉपच्या भोकात तो यथातथाच. शेवटी छोटा ऑडिओ इंटरफेस घेतला : माइक त्यात, त्याची यूएसबी लॅपटॉपमध्ये. त्यावर ४८ व्होल्टचं बटण असतं, ते कंडेन्सर माइकसाठी. आपल्या डायनॅमिकला लागत नाही.

मिक्सरमधून आवाज घेताना उलटं झालं. मिक्सरची लाइन आउट, म्हणजे आवाज बाहेर देणारी वायर, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली की पखवाज फाटतो, कारण तो सिग्नल माइकपेक्षा कितीतरी मोठा असतो. तिथेही इंटरफेसच कामी आला, लाइनवर ठेवून. आणि सतत "हूं" येत होतं ते चार्जर काढला की बंद. मिक्सर एका प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर, अर्थिंगचा फेरा पडतो. आता दोन्ही एकाच बोर्डावर लावतो. तरी आलंच तर कार्यक्रमापुरता लॅपटॉप बॅटरीवर.

विजापूर वेस, निवृत्त

मी गूगल डॉक्समध्ये बोलून मराठी टाइप करतो. मुलाने यूएसबी माइक आणून दिला. विंडोजमध्ये पट्टी हलते, रेकॉर्डिंग होतं, पण डॉक्समधलं माइकचं चित्र दाबलं की काही उमटत नाही. काय करावं?

*काका, ब्राउझरची परवानगी वेगळी असते. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, मायक्रोफोन "अलाउ" आहे का बघा. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, मायक्रोफोन असं जा. तिथे वरच माइकची यादी आहे, त्यात यूएसबीवाला निवडा. बहुधा तिथे अजून लॅपटॉपचाच असेल. पान पुन्हा लोड करा, डॉक्समध्ये भाषा मराठी आहे ना पाहा, आणि झालं की इथे कळवा. – धागाकर्ता*

विजापूर वेस, निवृत्त

तिथे लॅपटॉपचाच होता. आता उमटतंय. विरामचिन्हं मात्र हातानेच द्यावी लागतायत.