क्षमापत्रांचा पैसा जात कुठे होता?

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात कॅथलिक चर्चच्या नावाने क्षमापत्रं विकली जात. 'पैसे भरले की चर्च पाप माफ करायचं' असं त्याबद्दल म्हटलं जातं, त्यात थोडी भर घालतो. चर्चच्या शिकवणीनुसार पापाची क्षमा पश्चात्ताप आणि पापकबुलीनंतरच मिळे. क्षमापत्राने कमी व्हायची ती उरलेली शिक्षा, म्हणजे मृत्यूनंतर शुद्धिस्थानात भोगायचे हाल. बाजारात मात्र हा फरक कोण सांगत बसणार? आपल्या मेलेल्या आईबापांचे हाल थांबावेत म्हणून गरिबांनी पैसे दिले, आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा.

कारण तो पैसा कुठे गेला ते बघा. जर्मनीत ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टकडे माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद, म्हणजे तिथल्या चर्चचं प्रमुखपद, होतंच. 1514 मध्ये त्याला माइन्ट्सचंही मिळालं. त्यासाठी रोमला द्यायची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाऊ घेतली. मग क्षमापत्रांच्या विक्रीतला निम्मा पैसा रोममधल्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चच्या बांधकामाला आणि निम्मा त्याचं कर्ज फेडायला, असं ठरलं. विकत घेणाऱ्यांना सांगितलं जाई ते फक्त सेंट पीटर्सचं!

शेजारच्या सॅक्सनीत तिथला शासक फ्रेडरिक याने या विक्रीला बंदी केली होती (त्याच्या स्वतःच्या पवित्र अवशेषांच्या संग्रहाचं दर्शन घेतलं की शिक्षेत सूट मिळे, हेही लक्षात घ्यावं). तरी सॅक्सनीतल्या विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून टेट्झेल या क्षमापत्रं विकणाऱ्याकडे जात. मार्टिन ल्यूथर त्यांचाच धर्मगुरू. क्षमापत्रांविरुद्ध त्याने 1517 मध्ये मांडलेल्या 95 मुद्द्यांपैकी 86 वा विचारतो, एवढा श्रीमंत पोप सेंट पीटर्स स्वतःच्या पैशाने का बांधत नाही?

रोमने या व्यवहाराला आळा घातला, पण फार उशिरा: ट्रेंट इथल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेने 1562 मध्ये हे विक्रेते बंद केले आणि 1567 मध्ये पोप पायस पाचवा याने पैशाशी जोडलेल्या सगळ्या सवलती रद्द केल्या.