वृद्धाश्रमात दातांचं फिरतं पथक बोलवायचंय, तयारी काय करावी?

आश्रम_व्यवस्थापिका
नमस्कार. आमच्याकडे ४६ आजी-आजोबा आहेत. त्यातले ११ अंथरुणाला खिळलेले, ९ जणांना डिमेन्शिया. एकेकाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी आणि सोबत दोन माणसं लागतात. एक पथक पोर्टेबल युनिट (उचलून नेता येणारं दातांच्या कामाचं यंत्र) घेऊन इथे यायला तयार आहे. ‘एका दिवसात सगळ्यांचं उरकू’ म्हणतात. जागा आणि वीज काय लागेल? रक्त पातळ करायच्या गोळ्या आधी बंद करायच्या का? खाटेवर दात काढता येतो का? कवळ्यांची अदलाबदल होते, त्यावर काही उपाय? आणि पथक गेल्यावर आमच्या मावशींनी काय करायचं?

दंतवैद्य_सांगली
ताई, एका दिवसात सगळ्यांचं उरकू देऊ नका. पहिली फेरी फक्त तपासणीची ठेवा, माणशी दहा-बारा मिनिटं. त्यातून तीन याद्या निघतात: इथेच होण्यासारखं, दवाखान्यात न्यावंच लागेल असं, आणि हात न लावता फक्त लक्ष ठेवायचं. ही तिसरी यादी शिबिराच्या घाईत कोणी करत नाही. नव्वदीतल्या आजींचा एखादा खुंट दुखत नाही, सुजलेला नाही, तर तो काढून त्यांना वेदनेशिवाय काही मिळत नाही.

पथक येण्याआधी प्रत्येकाचा एकेक कागद तयार ठेवा. त्यावर आजार, सगळी औषधं डोसासकट, ॲलर्जी, गिळताना ठसका लागतो का आणि संमती. संमती आधी त्या व्यक्तीची, मग घरच्यांशी बोलणं.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नका. एक-दोन दात काढल्यावरचं रक्त गॉज दाबून, टाका घालून जागच्या जागी थांबतं. पण गोळी थांबवल्यामुळे मेंदूत किंवा स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती जिवावर बेतते. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची रक्ततपासणी) दात काढायच्या आधीच्या २४ तासांतला हवा. नेहमी स्थिर असणाऱ्यांचा ७२ तासांतला चालतो. ४ किंवा त्याहून जास्त आला तर त्या दिवशी दात काढायचा नाही.

एक गोष्ट हमखास सुटते. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन दिलेलं असतं. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात त्याचा मागमूस नसतो, म्हणून घरच्यांना मुद्दाम विचारा. अशांचा दात काढला तर जबड्याचं हाड उघडं राहून जखम भरत नाही, असं होऊ शकतं.

खाटेवर काय करता येतं? हलणारा दात काढता येतो. घट्ट दाढ काढायची असेल किंवा बीपी १८०/११० च्या वर असेल तर नाही. कीड हाताच्या चमचेवजा हत्याराने खरवडून ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंट भरता येतं. त्यात पाण्याचा फवारा नसतो, त्यामुळे ठसक्याचा धोका कमी. दुसरा पर्याय ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, हे कीड थांबवायचं द्रव औषध. ओठांना व्हॅसलीन लावायचं, दात कापसाने कोरडा करायचा, एवढ्याशा ब्रशने मिनिटभर औषध लावायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा. कीड बहुधा थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो. पुढचे दात असतील तर हे आधी सांगा, नाहीतर नातेवाईक हादरतात. कीड आतल्या नसेला पोचलेल्या, ठणकणाऱ्या दाताला ते लावत नाहीत.

काम सुरू असताना खाटेचं डोकं निदान ४५ अंश वर आणि हनुवटी किंचित खाली. सक्शन (तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी) चालूच हवं. सपाट झोपवून तोंडात पाणी गेलं की ते थेट फुप्फुसात उतरू शकतं. मधुमेह असणाऱ्यांना सकाळी नाश्ता आणि नेहमीची गोळी देऊनच बसवा.

उपकरण_दुरुस्ती
विजेचं सांगतो. तळमजल्यावर, अर्थिंग असलेलं १५ अँपिअरचं सॉकेट द्या. बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर व्होल्टेज पडतं. मग कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो, उचलत नाही, आणि शेवटी ट्रिप होतो. घरगुती इन्व्हर्टरवर चालवू नका, सुरू होतानाचा झटका त्याला पेलत नाही. युनिटच्या बाटलीत बोअरचं पाणी घालू देऊ नका. क्षार बसून एअरोटरचं (दात कोरायच्या यंत्राचं) फवाऱ्याचं भोक बुजतं. व्हीलचेअर असेल तर डोक्यामागे टेकू हवा, उशी सरकते.

जेवढे पेशंट, तेवढे ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेले) हत्यारांचे सीलबंद सेट आलेत का ते मोजा. तुमच्या स्वयंपाकघरात पातेल्यात हत्यारं उकळून निर्जंतुक होत नाहीत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि हे सगळं पथकाने परत न्यायचं. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत.

सिस्टर_ज्येष्ठसेवा
मावशींचं काम जास्त मोलाचं आहे, कारण पथक वर्षातून दोनदा येईल, मावशी रोज आहेत.

कवळी रात्री काढायचीच. टबात थोडं पाणी ठेवून त्यावर धरून घासा, म्हणजे हातातून सुटली तरी तुटत नाही. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. पेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने कवळी वाकडी होते. मग नावाच्या झाकणाच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा. नाव घालायचं तर मागे गालाकडच्या बाजूला पॉलिश पेपर फिरवा, पेन्सिलीने नाव लिहा, रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. काही महिने टिकतं, पुसट झालं की पुन्हा. नवी कवळी होणार असेल तर नावाची पट्टी आतच बसवून मागा.

कवळीखाली टाळू लालभडक दिसली तर ती बहुधा बुरशी. टाळूला औषध लावलं आणि कवळी तशीच ठेवली तर पुन्हा होते.

अंथरुणावरच्यांना टेकवून बसवा. लहान डोक्याचा मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, फेस ओल्या गॉजने पुसून घ्यायचा. चूळ भरता येत नसेल तर पाणी ओतू नका. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक दिलं असेल तर पेस्टनंतर अर्ध्या तासाने लावा. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम मारला जातो.

डिमेन्शियातल्या आजींनी ब्रश दातात आवळला तर ओढू नका. गालावरून हात फिरवत थांबा, जबडा आपोआप सैल होतो. दुसरा ब्रश त्यांच्याच हातात द्या. जेवणानंतर गालात बोट घालू नका, चावा बसतो. ब्रशच्या दांड्याने गाल बाजूला करून पाहा, भाताचा लगदा तासन्‌तास तिथे राहतो. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. भाकरी बाजूला सारणं, कवळी सारखी काढणं, गालाला हात लावून बसणं यावरून ओळखायचं.

आश्रम_व्यवस्थापिका
खूप उपयोग झाला. सात-आठ आजी मशेरी लावतात, त्यांचं वेगळं काही पाहायचं का? आणि पथक कसं आहे हे न कळता बोलवायचं नसेल तर?

दंतवैद्य_सांगली
हो, मशेरीवाल्यांची तपासणी सगळ्यांत आधी. खालचा ओठ ओढून ओठ आणि हिरडीमधली खाच बघा. पांढरा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर दातांचं काम बाजूला ठेवून बायोप्सीला (तुकडा काढून कर्करोगाची तपासणी) पाठवा. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, सुरुवातीला कर्करोग बहुधा दुखतच नाही.

पथक खात्रीचं हवं असेल तर दंत महाविद्यालयाकडे विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या किंवा तुमच्या जवळच्या कॉलेजच्या सार्वजनिक दंतआरोग्य विभागप्रमुखांना पत्र लिहा. पत्रात एकूण संख्या, त्यातले खाटेवरचे किती आणि व्हीलचेअरवरचे किती हे आकडे घाला. खाटेवरच्यांसाठी फिरत्या दवाखान्याच्या व्हॅनचा उपयोग नाही, त्यांना आत आणता येणारं पोर्टेबल युनिटच लागतं.