आल्प्समध्ये माउंटन बायकिंग : शाळेची सुट्टी, पेरणी आणि तिकडचा हंगाम यांचा मेळ कसा घालावा?

पायथ्याचा_शिक्षक (परतवाडा परिसर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी परतवाड्याजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि माझा चुलत भाऊ घरची संत्र्याची बाग व कपाशी पाहतो. चिखलदऱ्याचा घाट आम्ही दोघे नेहमी सायकलने चढतो. त्याशिवाय व्याघ्र प्रकल्पाची हद्द टाळून पायथ्याच्या पांदणांवर आणि मुरमाड टेकड्यांवर माउंटन बाइक चालवण्याचा आमचा सराव आहे. पुढच्या वर्षी आठ-दहा दिवस आल्प्समध्ये सायकल चालवावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी आम्ही पैसेही बाजूला ठेवत आलो आहोत.

सध्याचा बेत असा आहे की मे महिन्यात, शाळेला सुट्टी आणि शेतीला उसंत असताना जावे, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली या चारही देशांतले एकेक ठिकाण पाहावे आणि आपल्याच सायकली बरोबर न्याव्यात. यात कुठे काय बदलावे, सरावाची दिशा कशी ठेवावी आणि कागदपत्रांत शेतकऱ्याला कोणती अडचण येते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दारव्हेकर_जिनिव्हा यांचे उत्तर

शिक्षकभाऊ, आपला उत्साह वाचून आनंद झाला, पण बेतातला मे महिना आधी काढून टाकावा लागेल. आल्प्समधील माउंटन बायकिंग मोठ्या प्रमाणात लिफ्टवर अवलंबून असते. हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्यांना वर नेणारे पाळणे आणि खुर्च्याच उन्हाळ्यात सायकलींना वर नेतात, आणि बहुतेक ठिकाणी हा हंगाम जूनच्या मध्यापासून किंवा अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतो. मे महिन्यात उंचावरच्या वाटा बर्फाखाली असतात आणि उत्तरेकडील उतारांवर तर जुलैच्या आरंभीही बर्फाचे पट्टे सापडतात. विदर्भातील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे त्याच्या अगदी आधीचे काही दिवस मिळू शकतील असे वाटेल, पण नेमके तेव्हाच मृग लागून आपले बंधू पेरणीत अडकलेले असतील. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लिफ्ट बंद झालेल्या असतात. म्हणून माझ्या मते ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरावा आणि आपण रीतसर रजा मंजूर करून घ्यावी. डवरणी आटोपलेली आणि कापसाचा वेचा अजून दूर, असा तो काळ असतो. फवारणीची व्यवस्था मात्र घरच्या कोणाकडे सोपवावी लागेल. पोळ्यानंतर निघू, असे ठरवत असाल तर पंचांग पाहून ठरवा, कारण पोळ्याआधी अधिक महिना आलेल्या वर्षी पोळा सप्टेंबरात सरकतो आणि तोवर तिकडचा हंगाम संपत आलेला असतो.

दुसरा बदल चार देशांचा. फ्रान्समधील मोर्झीनहून ऑस्ट्रियातील लेओगांगला किंवा इटलीतील लिविन्योला जायचे तर जवळजवळ पूर्ण दिवस गाडीत जातो, आणि असे तीन दिवस गमावले तर आठ दिवसांत उरते काय? एकच गाव निवडून तेथेच राहावे. पहिल्या खेपेला मी पोर्त द्यु सोलेय हा प्रदेश सुचवीन. मोर्झीन, ले जे, आव्होरियाझ, शातेल ही फ्रान्सची गावे आणि शाँपेरी, मोर्जिन ही स्वित्झर्लंडची गावे एकाच लिफ्ट-जाळ्याने जोडलेली आहेत आणि सायकलवरूनच सीमा ओलांडता येते, म्हणजे दोन देशांची हौस आपोआप भागते. त्या दिवशी पारपत्र पाठीवरच्या पिशवीत असू द्यावे. जिनिव्हा विमानतळापासून मोर्झीन साधारण दीड तासावर आहे. ले जे येथे २००४ आणि २०२२ साली, तर शाँपेरीला २०११ साली माउंटन बायकिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. शाँपेरीची स्पर्धेची वाट अत्यंत उभी आहे, ती कडेला उभे राहून पाहावी आणि आपण तिच्यावर उतरू नये.

सेलूची_सायकलस्वार (जि. वर्धा) यांचे उत्तर

सरावाबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे, कारण आपण दोघेही आपली तयारी चढावर मोजत आहात असे प्रश्नावरून दिसते. परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंतचा चढ ७०० मीटरांच्या आसपास आहे आणि तो नियमित चढणाऱ्याच्या दमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र लिफ्टच्या प्रदेशात दम दुय्यम ठरतो. मोर्झीन सुमारे १००० मीटरांवर आणि त्याच्या डोक्यावरचे प्लेने सुमारे १५०० मीटरांवर आहे. पाळण्यातून वर जाऊन दिवसभरात दहा वेळा उतरले तर ५००० मीटरांचा उतार अंगावर येतो, आणि त्यात आधी हाताचे पंजे आणि दंडाखालचे स्नायू थकतात, पाय नंतर. पंजा आवळला की ब्रेक नेमका लागत नाही, आणि संध्याकाळच्या ‘एक शेवटची फेरी’त माणसे पडतात ती बहुधा यामुळेच.

म्हणून आजपासून उतरण्याचा सराव करा. डांबरी घाट त्यासाठी उपयोगाचा नाही. मुरूम, सुटे दगड आणि नाल्याचे काठ असलेला उतार शोधा, सायकल वर ढकलत न्या आणि तोच उतार पुन्हा पुन्हा उतरा. आसन खाली, दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, नजर चाकापासून बरीच पुढे आणि ब्रेकवर प्रत्येक हाताचे एकच बोट, एवढे अंगवळणी पडले पाहिजे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा, ही सवय लागायला महिने जातात. हा सराव हिवाळ्यात उरकावा, कारण पाऊस पडला की आपली काळी माती चाकाला असे लिंपण घालते की ते फिरतही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात शिकता येत नाही, ती म्हणजे देवदारासारख्या उंच झाडांच्या जंगलातील ओली मुळे. ती वाटेवर आडवी पसरलेली असतात आणि पावसात अतिशय निसरडी होतात. त्यांच्यावरून शक्य तितके काटकोनात जावे आणि चाक मुळावर असताना ब्रेकला हात लावू नये. तेथील वाटांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे चढत्या कठीणपणाचे रंग असतात. पहिले दोन दिवस हिरव्या आणि निळ्या वाटांवरच घालवावेत आणि शक्य असल्यास एक दिवस स्थानिक मार्गदर्शक घ्यावा. त्या खर्चाइतका सार्थकी लागणारा दुसरा खर्च या सहलीत नाही. उन्हाळ्यातही दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि दोन हजार मीटरांवर ऑगस्टमध्ये कुडकुडायला होते. ४५ अंशांत राहणाऱ्या आपल्या माणसाला हे घरी बसून पटत नाही, पण पावसाचे जाकीट रोज बरोबर हवेच.

पायथ्याचा_शिक्षक यांची पुरवणी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ऑगस्ट आणि मोर्झीन हे आम्ही आज घरी बोलून निश्चित केले. आता सायकली आणि व्हिसा यांबद्दल मार्गदर्शन हवे आहे. भावाची सर्व मिळकत शेतीची असल्यामुळे त्याने आजवर आयकर विवरणपत्र भरलेले नाही.

दारव्हेकर_जिनिव्हा यांचे उत्तर

ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा (फ्रान्स, स्वित्झर्लंडसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करायचा असतो. विमान जिनिव्हात उतरणार असले तरी मुक्काम मोर्झीनला असल्याने आपला अर्ज फ्रान्सकडे जाईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून एप्रिलपर्यंत अर्ज जावा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दाखवून विवरणपत्र भरता येते, ते बंधूंनी या वर्षी अवश्य भरावे. सातबारा, आठ-अ, बाजार समितीत विकलेल्या मालाच्या पट्ट्या आणि बँकेचे उतारे इंग्रजी भाषांतरासह जोडावेत. माणूस परत येईल अशी खात्री अधिकाऱ्याला हवी असते, आणि उभी बाग हा त्याचा चांगला पुरावा आहे. आपल्याला जिल्हा परिषदेकडून परदेश प्रवासाची परवानगी लागेल.

विम्याबाबत विशेष दक्षता घ्यावी. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण त्यासाठी मिळणाऱ्या साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. लिफ्टने वर जाऊन उताराची सायकल चालवणे आणि हेलिकॉप्टरने सुटका, या दोन्ही गोष्टी समाविष्ट असल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. स्वित्झर्लंडच्या बाजूला अशा सुटकेचा खर्च जखमी माणसाकडून वसूल होतो. आणीबाणीत ११२ हा क्रमांक दोन्ही बाजूंना चालतो.

सेलूची_सायकलस्वार यांचे उत्तर

आपल्या सायकली घरीच ठेवा. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, गुडघ्याची आणि पाठीची कवचे हे सर्व मोर्झीनमध्ये भाड्याने मिळते. भाडे लिफ्टच्या पासपेक्षा जास्त पडते हे खरे, पण त्या उतारांवर ब्रेकच्या पट्ट्या आणि टायर ज्या वेगाने झिजतात ते पाहता हेच परवडते. खोली स्वयंपाकघरासह घ्यावी. ज्वारीचे पीठ, डाळ, तिखट न्यायला हरकत नाही. तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र सीमेवर चालत नाही, आणि घरच्या बागेची संत्रीही नेऊ नयेत.

सायकल ताब्यात घेताना दुकानदाराला ब्रेकबद्दल जरूर विचारावे. मोटारसायकलच्या सवयीने आपला उजवा हात पुढचा ब्रेक धरतो, तर तेथील सायकलींवर उजव्या हाताला मागचा आणि डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. दुकानदाराकडून दोन्ही अदलाबदल करून घेता येतात का ते पाहावे. तसे होत नसेल तर दुकानासमोरच्या सपाट जागेवर अर्धा तास फक्त थांबण्याचा सराव करावा आणि मगच लिफ्टच्या रांगेत उभे राहावे.