ऑर्थोरेक्सिया मोजताना अर्धा वर्ग ‘बाधित’ निघतोय, कुठं चुकतंय?

पर्वरीकर
एमए मानसशास्त्राचा प्रबंध आहे. विद्यापीठातल्या मुलामुलींत ऑर्थोरेक्सिया, म्हणजे ‘आरोग्यदायी तेच खायचं’ हा ध्यास किती, ते मोजायचंय. त्यासाठीची ओर्टो-15 ही प्रश्नावली मराठीत करून पूर्वचाचणी घेतली. निम्म्याहून जास्त जण 40 गुणांच्या खाली, म्हणजे ‘बाधित’ आले, आणि अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) 0.6लाही पोचत नाही. भाषांतर बदलू की प्रश्नावलीच?

मोजपट्टी
आधी गुणांकन तपासा. ओर्टो-15मध्ये प्रत्येक प्रश्नाला 1 ते 4 गुण. बेरीज जितकी कमी तितका ध्यास जास्त. काही प्रश्नांत ‘नेहमी’ला 1, काहींत 4. एक्सेलमध्ये ही उलटापालट राहून गेली की अल्फा कोसळतोच.

पण ते सुधारूनही फारसं हाती लागणार नाही. 2005 साली इटलीत आलेल्या या प्रश्नावलीची 40ची रेषा फार सैल आहे. भाजी-फळं जपून निवडणारा धडधाकट विद्यार्थीही तिच्याखाली जातो. तिच्या मूळ संशोधकांपैकी एकाने पुढे सहाच प्रश्नांच्या सुधारित आवृत्तीवर काम केलं, यातच काय ते आलं.

माझ्या मते तेरुएल श्रेणी घ्या. स्पेनमधली, 2018ची, 17 प्रश्न, गुण 0 ते 3. नऊ प्रश्न आरोग्याच्या आवडीवर, आठ त्रासदायक ध्यासावर. या दोन बेरजा एकत्र करायच्या नाहीत, नाहीतर पुन्हा आजच्याच घोळात पडाल. रेषा हवीच असेल तर ड्युसेलडॉर्फ श्रेणी आहे: 10 प्रश्न, 40पैकी 30 आणि वर म्हणजे ध्यास, 25 ते 29 जोखीम. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत हा स्वतंत्र आजार नाही, त्यामुळे प्रबंधात ‘प्रवृत्ती’ लिहा, ‘रुग्ण’ नको.

कुंकळ्ळी_04
भाषांतराचाही दोष आहेच. ‘खाण्याचे माझे ठरावीक नियम आहेत’ या वाक्यावर सोमवारी शिवराक (मांस-मासळी वर्ज्य) पाळणारी मुलगी ‘हो’ म्हणणारच. ‘शुद्ध’ शब्द घातलात तर शाकाहारी सगळे खूण करतील. ‘आरोग्यासाठी मी स्वतः ठरवलेले नियम’ असं लिहा. मग आठ-दहा जणांना समोर बसवून एकेक वाक्य वाचायला द्या आणि विचारा, ‘वाचताना कुठला नियम आठवला?’ उत्तर उपवास आलं तर वाक्य पडलं. उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून परत मूळ भाषेत, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

श्रावण, चतुर्थी आणि ख्रिस्ती मुलांचा उपासकाळ टाळून फॉर्म वाटा. ‘सध्या व्रत चालू आहे का’ हा रकाना तरीही ठेवा.

पर्वरीकर
नमुना किती घेऊ? कोकणी आवृत्तीही काढावी का?

मोजपट्टी
ध्यास असलेल्यांचं प्रमाण 50 टक्के धरून, 5 टक्के इकडेतिकडे चूक चालवून घेतली तर 385 जण. अर्धवट फॉर्म 15 टक्के धरले तर 453 वाटा. हे साध्या यादृच्छिक निवडीचं गणित. अख्खे वर्ग उचललेत तर नमुना वाढवावा लागेल. कोकणी काढलीत तर दोन्ही भाषांत श्रेणी सारखीच चालते हे दाखवावं लागतं आणि त्याला प्रत्येक भाषेत दोनेकशे तरी हवेत. एका प्रबंधात ते झेपणार नाही, मराठीवरच थांबा.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव छापा. वजन झपाट्याने उतरलेलं किंवा पाळी बंद झालेली मुलगी या फॉर्ममधून समोर येऊ शकते. तिला कुणाकडे पाठवायचं हे नीतिसमितीच्या अर्जातच लिहून ठेवा.